फौजदाराचे शहात्तर दिवस

पिवळ्या माशाच्या कल्ल्याजवळ मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके प्रथम दिसले ते त्या घरातील वृद्ध मुद्रितशोधकांना. चाळीस वर्षे परक्यांच्या लेखनातले अनुस्वार आणि विरामचिन्हे न्याहाळून त्यांची दृष्टी अशा बारीकसारीक दोषांसाठीच घडली होती. त्यांनी ठिपके मोजले. नऊ होते. दुसऱ्या दिवशी ते मोजण्यापलीकडे गेले.

खाऱ्या पाण्याची ती पेटी त्यांच्या पत्नीची. मीठ कालवणे, पाण्याची ऊब राखणे, आतले खडक एकावर एक रचून त्यांतून कमानी आणि कपारी घडविणे, हे सारे तिने एकहाती केले होते. मुद्रितशोधकांनी पेटीकडे कधी फारसे लक्ष दिले नव्हते. गेल्या वर्षी अर्धांगवायूने तिची उजवी बाजू नेली आणि वाणीही नेली. तेव्हापासून तिचा पलंग पेटीसमोर होता. काचेपुढे अहोरात्र गस्त घालणाऱ्या त्या पिवळ्या माशाला तिनेच ‘फौजदार’ म्हणून नाव दिले होते. रोज सकाळी तो समोर आला की तिचा डावा हात चादरीवरून चार बोटे वर उठे. तो हात असाच उठत राहिला पाहिजे, एकदा थांबला तर पुन्हा चालायचा नाही, असे वैद्यांनी बजावले होते. या आजारी देहाचे जगाशी एवढेच बोलणे उरले होते, आणि ते त्या माशाशीच होत असे.

मासे विकणारा दुकानदार घरी आला. पेटीसमोर उकिडवा बसून त्याने मान हलविली.

“अण्णा, हा किडा आजचा नाही. जुना भाडेकरू आहे, दबा धरून बसलेला. मागे थंडीत तुमचा हीटर बंद पडला, मासा अशक्त झाला, आणि यानं डोकं वर काढलं.”

“मग औषध पेटीतच घालू?”

“घाला, आणि वहिनींची प्रवाळं अन् गोगलगाई परवा मेलेल्या फेकून द्या. तसं नको. मासा वेगळ्या टबात ठेवायचा, त्यात तांब्याचं औषध. मोठी पेटी शहात्तर दिवस माशाविना. या किड्याला जगायला मासा लागतो. नाही मिळाला की उपाशी मरतो. पण एकही मासा राहता कामा नये हं, बोटाएवढासुद्धा. दुसरं कुणी नाही ना आत?”

“हा एकच,” मुद्रितशोधक म्हणाले. छपाईस जाणाऱ्या अखेरच्या प्रतीवर सही करताना जो ठामपणा असे, त्याच ठामपणाने.

टब मागच्या खोलीत मांडला गेला. इकडच्या पाण्याचा तुषारही तिकडे जाऊ नये म्हणून जाळी निराळी, पाणी घालायचा मग निराळा, आणि प्रत्येक खेपेस कोपरापर्यंत हात धुणे.

“बाबा, माशाला खायला घालताय की त्याचं ऑपरेशन करताय?” रविवारी आलेली मुलगी म्हणाली.

“हस तू. तुझ्या आईचा जीव आहे तो.”

चौथ्या दिवशी पत्नीने हात उचलला. नेहमीपेक्षा अधिक उचलला, आणि एक बोट लांबवून रिकाम्या पेटीतल्या खडकांच्या पायथ्याकडे रोखले. कंठातून घरघर निघाली. पाचव्या दिवशी तेच, सहाव्या दिवशी तेच.

“बाबा, आई काहीतरी दाखवतेय.”

मुद्रितशोधकांनी उभ्यानेच वाकून पाहिले. खडक होता, वाळू होती. “काही नाही गं. फौजदाराला शोधतेय ती. रिकामी पेटी बघून तुटतं तिला.” ते पत्नीकडे वळले. “अगं, येईल तो. बरा होऊन येईल.”

तिने डोळे मिटून नाही अशी मान हलविली आणि बोट पुन्हा रोखले.

तिला हे दुःख रोज का द्यावे, असा विचार करून त्यांनी कपाटातली निळी चादर काढली व पेटीला पुढून पांघरली. त्या क्षणी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. आपण योग्य तेच केले, अशी त्यांची खात्री पटली. दिनदर्शिकेवर पेन्सिलीने ते एकेक दिवस खोडत गेले. चादरीआडून पंपाचा आवाज तेवढा येत असे. चादरीकडेही तिचा हात रोज उठे; फौजदाराचीच वाट पाहते, असे ते समजत.

सत्त्याहत्तराव्या दिवशी चादर निघाली, फौजदार निष्कलंक अंगाने पेटीत परतला आणि त्याची गस्त सुरू झाली. पत्नीचा हात चार बोटे वर आला. मुद्रितशोधक त्या दिवशी दोनदा जेवणाआधी हात धुण्यास विसरले.

पुरते पंधरा दिवस झाले नाहीत तोच ठिपके पुन्हा आले. या वेळी मासा टबात नेईपर्यंतही टिकला नाही. दुपारी तो पंपाच्या धारेखाली धापा टाकीत होता, आणि चहाच्या वेळी वाळूवर आडवा झाला. पत्नीने हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहिले.

दुकानदार फोनवर म्हणाला, “अण्णा, आत कुणीतरी आहे. अंगावर ठिपका न दिसताही किडा पोसणारं. मोजदाद चुकली.”

पेटी उपसण्यासाठी मुद्रितशोधक नळी घेऊन जमिनीवर बसले. गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी पाठ पलंगाला टेकली आणि डोके मागे, उशीच्या कडेवर ठेवले. तिथून पेटी निराळीच दिसत होती. उभ्या माणसाला दगडच दिसे, तिथे या उंचीवरून खडकांखाली एक कपार उघडत होती. तिच्या तोंडाशी, वाळूच्या रंगाचा, करंगळीएवढा एक मासा बसला होता. अंगावर एक ठिपका नव्हता. त्याने तोंडभर वाळू बाहेर आणून टाकली आणि तो पुन्हा आत गेला.

फार मागे, ते एका ग्रंथाची मुद्रिते तपासत असता, ती पेटीपाशी उभी राहून म्हणाली होती, “अहो, आज एक पाहुणा आणलाय. लाजरा आहे, बघायला या.” त्यांनी मान वर न करता “हं” म्हटले होते.

 ते हळूच म्हणाले, “तू सांगत होतीस.”

त्यांनी मान वळविली. तिचा हात चादरीवर उताणा पडला होता. मासा कपारीतून दुसऱ्यांदा बाहेर आला, वाळू टाकून गेला. हात हलला नाही. त्यांनी तो उचलून पेटीकडे वळविला आणि सोडला. सोडला तसा तो खाली पडला.