जयाची मूठ आणि मास्तरांचा काटा

१९६३ सालची गोष्ट. पुसदच्या शाळेत बॅडमिंटन शिकवणाऱ्या धावजी मास्तरांनी नागपूरहून मुठीचा जोर मोजायचं यंत्र आणलं आणि खेळ राहिला बाजूला, पोरींची मोजणीच सुरू झाली. उंची, दंडाचा घेर, तळहाताची रुंदी; एवढी मापं तर शिंपी लग्नाच्या पोलक्यालाही घेत नसे.

अमरावतीच्या सामन्यांना दोघींची जोडी जायची होती. ताडासारखी उंच विजयमाला आधीच ठरलेली. तिच्या जोडीला जायचं म्हणून जया आसुसली होती. अख्खा उन्हाळा दोघी एकत्र खेळल्या होत्या. पण जया बुटकी, हात आखूड.

मास्तर म्हणाले, "मुठीत तीस किलो जोर दिसला तरच नेतो. तीनदा दाबाचं."

जयाला हसूच आलं. घरच्या म्हशींची धार रोज तीच काढायची, आणि यंत्राची दांडी तर थेट म्हशीच्या सडासारखी. तिनं डोळे मिटले आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट लयीत आवळू लागली. काटा उठे, बसे, उठे, बसे. बारा!

"अवं, हे काय करून राह्यली?" विजयमाला ओरडली. "जोर लाव ना!"

दुसऱ्यांदा चौदा. जयाचं तोंड उतरलं. अमरावती चालली हातची.

तेवढ्यात दुधाची बरणी घेऊन मैदानाजवळून जाणारी तिची माय, कांताबाई, थबकली. लेकीची बोटं पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"पोरी, धार कायले काढून राह्यली? मास्तरले दूध पाह्यजे का जोर? म्हैस बाजारातून पळाली का दोर कशी धरते, तसं धर!"

जयानं धरलं. पाची बोटं एकदम. काटा तीस ओलांडून, चाळीस ओलांडून शेवटच्या खिळ्याला जाऊन चिकटला. यंत्राची किंकाळी म्हणे कोसांवरच्या फुलसावंगी गावापर्यंत गेली आणि तिथल्या म्हशींनी कान टवकारले. काटा खाली आणायला मास्तरांनी पकड, तेल, शिव्या, सगळं वापरून पाहिलं. काटा ढिम्म.

"मास्तर, आता बाकीच्या पोरींचं कसं मोजान?" कांताबाईनं विचारलं.

"मोजाची सोय तुमच्या लेकीनं ठेवली कुठी?" मास्तर घाम पुसत म्हणाले. "दोघी निघाची तयारी करा. पण जया, रॅकेट जरा सैल धर, बाई. शाळेची आहे ते."

विजयमाला धावतच आली. आनंदानं उजवा हात पुढे केला, पटकन मागे घेतला आणि डावा दिला.

"हा दाब," ती म्हणाली, "उजवा मले खेळाले लागते."