चादरीचं दुसरं टोक

"धर ना ताई. हात भरून आले माझे," उंचाडी म्हणाली.

चादरीची दोन टोकं स्वतःकडे ठेवून दुसरी दोन तिनं थोरलीपुढे केली होती. इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बाकीच्या बायका हाताची घडी घालून भिंतीशी उभ्या होत्या. थोरली आपल्या चपलांकडे बघत होती.

थोरली नावालाच थोरली. सगळ्यात जुनी म्हणून ते नाव, बाकी उभी राहिली तर कपड्यांच्या ढिगामागे दिसायची नाही. उंचाडी ताडमाड. जोडी विजोड, पण घड्या अशा घालायच्या की बघत राहावं. उंचाडी चादर अशी ताणून धरायची की थोरलीकडे झोळ पडून ती जमिनीला लागत नसे. लागली की पुन्हा धुवायची, हा तिथला नियम.

उंचाडीचे आजोबा समुद्रापलीकडून आलेले. ती जन्मली याच शहरात, शिव्याही इथल्याच द्यायची. पण कातडीचा रंग आणि केस आजोबांचे राहिले, आणि लोकांना तेवढं पुरतं.

एरवी कुणाला त्याचं काही नव्हतं. मग ठेकेदारानं सगळ्यांचे कामाचे तास निम्मे केले. बायका मुकादमाच्या अंगावर धावून गेल्या तेव्हा त्यानं हात वर केले. "मी काय करू? ते लोक अर्ध्या पगारात राबायला तयार आहेत. जा, त्यांना विचारा."

अर्धा पगार देणारा कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला आपल्याला फार अक्कल लागत नाही.

थोरलीच्या घरीही तेच. गोदामातून काढल्यापासून नवरा खाटेवर बसून दिवसभर त्या लोकांचा उद्धार करायचा. "आपल्या तोंडचा घास काढला त्यांनी," म्हणायचा. थोरलीच्या पोटातही राग होताच. रिकाम्या डब्यांचा होता, गेलेल्या तासांचा होता. रोज ऐकून ऐकून तो उंचाडीकडे वळला. ठेकेदार कुणी पाहिलेलासुद्धा नव्हता. उंचाडी रोज समोर उभी असायची.

आदल्या दिवशी बायकांनी ठरवलं की उंचाडी आणि तिच्या लोकांतल्या आणखी दोघी, यांची चादर धरायची नाही. एकटीला घडी घालता येत नाही, आपोआप जातील. थोरलीनं मान डोलावली होती.

"तू पण, ताई?" उंचाडीनं विचारलं.

"मला घर चालवायचंय गं."

"मग मी काय महाल चालवतेय?"

भिंतीशी कुणीतरी खुदकन हसलं. थोरलीनं हात पुढे केला नाही. उंचाडीनं आणखी थोडी वाट पाहिली आणि टोकं सोडून दिली. मग पडलेली चादर तिनंच उचलून धुवायच्या ढिगात टाकली, डोक्याचं फडकं सोडलं आणि ती निघून गेली. तिच्यामागून तिच्या लोकांतल्या त्या दोघीही गेल्या. मुकादम दारात उभा राहून बघत होता. त्यानं कुणालाच अडवलं नाही.

तास परत मिळालेच नाहीत. पुढच्याच आठवड्यात भिंतीशी उभ्या राहिलेल्यांतल्याही निम्म्या कमी झाल्या.

"त्या तिघी गेल्या, काय अडलं?" मुकादम म्हणाला. "जोडी कशाला लागते? एकेकीनं घाला घड्या."

भांडायला माणसं लागतात, आणि ती तर त्यांनी स्वतःच्या हातानं घालवली होती. खुदकन हसलेली बाईही कमी झालेल्यांत होती. थोरली उरली.

तिनं चादर उचलली, दोन टोकं धरून झटकली. दुसरी बाजू सरळ जमिनीवर लोळली.

"ए ताई, लागली ती खाली," मुकादम ओरडला.

"लागणारच. दोघींचं काम आहे हे. तुझ्या ठेकेदाराला सांग, येऊन धर म्हणावं दुसरी बाजू."

"तोंड सांभाळून बोल."

"इतके दिवस तोंडच सांभाळलं," थोरली म्हणाली. "तिथंच माती खाल्ली."

तिचा अर्धा राग स्वतःवरचाच होता. चादर तिनं धुवायच्या ढिगात फेकली, दुसरी उचलली. दोन टोकं आपल्याकडे ठेवली आणि सवयीनं दुसरी दोन पुढे केली. समोर भिंत होती. तरी ती थोडा वेळ तशीच धरून उभी राहिली.