कोरी चौकट आणि ‘कै.’

मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे. म्हणजे छपाईची पानं जुळवणाऱ्या प्रोग्राममधली एक लहानशी आज्ञा. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, तरी सांगतो.

इंदिरानगरच्या शामसुंदरकाकांनी आपल्या छापखान्यात लग्नपत्रिका छापण्यासाठी मला लिहून तयार केलं. काम एकच. नावासमोरची ‘निधन-वर्ष’ ही चौकट रिकामी आहे का, ते पाहायचं. रिकामी असेल तर नावाआधी ‘श्री.’ छापायचं, काही भरलेलं असेल तर ‘कै.’. काका गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, "हा चुकायचा नाही." मला फार बरं वाटे. पुढे मला कुणी उघडून पाहीनासं झालं. चालतोय ना, मग झालं!

परवा पेठ गावाहून वैष्णवी आपल्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आली. सोबत आजी-आजोबा होते. तिनं गठ्ठा सोडला, वाचू लागली आणि अडखळली.

"कै. बहिरू महाले यांची नात..."

बहिरूआजोबा तिथेच बाकावर बसलेले!

तिच्या आजीचा, सिंधुबाईंचा, हात मंगळसूत्राकडे गेला. "माझा धनी जित्ता हाय! हे काय लिव्हलं वो?" त्यांनी गठ्ठा दूर सारला. "ह्या पत्रिका मी घरात नाय नेणार!"

मी हादरलोच. जिवंत माणसाला मी मारलं?

टायपिंग करणारी काकांची मुलगी आभा पांढरीफटक पडली. "बाबा, चौकट रिकामीच आहे, बघा ना!"

काकांनी त्या चौकटीत कर्सर हलवला. तो एक घर पुढे सरकला. आत एक स्पेस होती.

"जिवंत माणसापुढे निधनाची चौकट उघडी ठेवायला मन धजेना," आभा रडवेली झाली. "म्हणून स्पेस देऊन बुजवली."

चांगल्या मनानंच केलं होतं तिनं. पण माझ्या लेखी स्पेस म्हणजे भरलेली जागा! तुम्हाला ती दिसत नाही, मला दिसते.

काकांनी मला उघडून एक ओळ घातली : आधी स्पेस पुसायची, मग तपासायचं. मित्रांनो, मॅक्रो लिहाल तेव्हा हे विसरू नका. आणि नीट चालतोय म्हणून आम्हाला वर्षानुवर्षं वाऱ्यावर सोडू नका, अधूनमधून बघत जा. एका स्पेसनं माणूस कैलासवासी होतो हो!

नव्या पत्रिका निघाल्या. सिंधुबाई हात लावेनात.

"वाच बाय, जोरात."

"श्री. बहिरू महाले यांची नात..." वैष्णवीनं वाचलं.

"ओ!" बाकावरून आजोबा म्हणाले.

तेव्हा कुठे सिंधुबाईंनी गठ्ठा उचलून पोटाशी धरला.