कॉर्कची पट्टी

"रुई हलकी शे, पोरी. केसाएवढी फट दिसनी की मझार घुसस. मोटारनं तोंड बांधी टाक."

रत्नाच्या लहानपणी दोंडाईचाच्या जिनिंगमध्ये जब्बारचाचा असं म्हणायचे. झाकण बसवण्याआधी कडेने कॉर्कची पट्टी लावायची, वरून लाखेचा हात फिरवायचा, मगच बोल्ट आवळायचे. कापूस उडतो तिथे सगळ्यांचीच तोंडं बांधलेली असतात, बायांची, डब्यांची, मोटारींची. चाचांकडे बघत बघतच रत्ना विजेच्या कामाला लागली.

आता ती गावाबाहेरच्या तेल कारखान्यात विजेचं सगळं बघते. तिथे सरकीच्या पेंडेत उरलेलं तेल हेक्झेनने ओढून काढतात. हेक्झेन पेट्रोलसारखं उडतं, जमिनीलगत पसरतं, आणि त्याला एक ठिणगी पुरते. म्हणून तिथल्या पंपाला फ्लेमप्रूफ मोटार. कोणत्या वायूत चालेल, अंग किती तापेल, हे पाटीवर वाचूनच रत्नाने ती निवडली होती. अशा मोटारीत वायू शिरणार, हे बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. आत भडका उडाला तरी बिडाचं जाड अंग फुटत नाही. झाकण आणि डबा यांच्यात धातूला धातू लागलेला असतो. त्या अरुंद वाटेने बाहेर येता येता ज्वाळ थंड होते.

रत्ना बहिणीच्या लग्नाला रावेरला गेली, आणि तेव्हाच ती मोटार जळाली. मालक रुपचंदशेठांनी ती जब्बारचाचांकडे दुरुस्तीला पाठवली. रत्ना परत आली तेव्हा मोटार पंपाशेजारी बसवून तयार होती, फक्त तारा जोडायच्या राहिल्या होत्या.

तिने तारांच्या डब्याचं झाकण उघडलं. कडेने कॉर्कची पट्टी, वर लाख, एकही सुरकुती नाही. पट्टी नीट बसावी म्हणून चाचांनी गुळगुळीत कड कानशीने खरवडलीही होती. रत्नाने कडेवरून नख फिरवलं. ते अडकत गेलं.

"जब्बारनं काम शे, त्याम्हा काय पाहानं?" शेठ म्हणाले. "मोटार फिरस ना? मंग बटन दाब."

"बटन तुम्ही दाबा शेठ. मी फाटकाबाहेर उभी राहते."

शेठांनी तिच्याकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, आणि नवी मोटार मागवायला फोन काढला.

रत्ना जुनी मोटार टेम्पोत घालून चाचांच्या स्टेशनाजवळच्या दुकानात घेऊन गेली. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"परत का आणी? मन्हा कामम्हा खोट निंघनी का?"

"नाही चाचा. शेठना नवीच हवी होती."

"म्हतारपणी नवीन नवरी!" चाचा खो-खो हसले. "बस, चहा सांगस."

चहा आला. चाचांच्या टेबलावर तसलीच दुसरी मोटार उघडून ठेवली होती. शेजारी कापलेली कॉर्कची पट्टी, वाटीत लाख.

"ही कोणाची?"

"जळगावनी शे. तुन्हासारखाच तेलना कारखाना. संध्याकायले टेम्पो येस." त्यांनी कानस उचलली, कडेवर टेकवली, आणि गुणगुणू लागले. जिनिंगमध्ये गुणगुणायचे तीच चाल होती.

रत्नाने कप खाली ठेवला. चाचांचं मनगट तिने आजवर कधी धरलं नव्हतं. आता धरलं.

"चाचा, थांबा. मी खोटं बोलले. शेठ चालू करायला निघाले होते, मीच नको म्हटलं. खोट तुमच्याच कामात होती. ह्या मोटारीचं तोंड बांधायचं नसतं. आत पेटलं की कॉर्क उडून जातो, आणि ज्वाळ थंड न होता सरळ बाहेर येते. बाहेर माणसं उभी असतात, चाचा. तिकडे जळगावची. इकडे माझी."