फावोरिटेनची दाद

"ओट्टो, अरे पाय स्वीडनला विसरून आलास की काय?" कुंपणाला रेललेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो-खो हसले.

हेडविगही तिथेच उभी होती. तिने हसण्याकडे काणाडोळा केला. मैदानात तिचा नवरा गळ्यात शिटी अडकवून उभा होता. महायुद्धाच्या आधी याच मैदानावर चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा पळायचा. मग गुडघा गेला आणि पोटासाठी दोघं स्वीडनला गेली. तिथे तो प्रशिक्षक झाला, त्याचं नाव झालं, केस पिकले. पण जेवताना गप्पा मात्र व्हिएन्नाच्या, त्यातही तिथल्या आपल्या फावोरिटेन वस्तीच्याच. आता जुन्या क्लबला प्रशिक्षक हवा होता. "ये, अर्धी पोरं तू घे, एक सामना खेळवून दाखव. मग ठरवू," असं क्लबवाल्यांनी कळवलं आणि ती दोघं सामानसुमान घेऊनच आली.

ओट्टोची पोरं चार गोलांनी जिंकली. लांब फटका, धाव, गोल. प्रत्येक गोलला कुंपण गप्प. समोरच्यांनी मात्र या पायातून त्या पायात चेंडू खेळवत शेवटी तो घालवला, तरी टोप्या हवेत उडाल्या.

क्लबचा अध्यक्ष वेन्झेल प्रोखाझ्का हा ओट्टोचा मैदानावरचा जुना जोडीदार, धंद्याने खाटीक. तो जवळ आला.

"जिंकलास रे."

"चार गोल, वेन्झेल!"

"दिसले ना. पण हे बघायला माणसं रविवारचं जेवण टाकून येतील का? चेंडू गवत सोडून उडाला की तूच आमच्यावर खेकसायचास. असलं धोपटणं माझ्या दुकानात शोभतं."

"तिकडे चिखलात असंच खेळावं लागतं. सवय लागली."

"तेच म्हणतोय मी," प्रोखाझ्का हळूच म्हणाला. त्याने ओट्टोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला.

हेडविगला स्वीडनचे दिवस आठवले. "तुमचं ते व्हिएन्नाचं नाजूक विणकाम पुरे," म्हणून तिथल्या लोकांनी ओट्टोचे कान किटवले होते. नोकरी टिकावी म्हणून हा बदलला, तो अगदी मनापासून बदलला. त्याचं त्यालाही कळलं नाही.

रविवारी ती स्वीडनला परतण्यासाठी ट्रंक भरायला बसली. मैदान दोन गल्ल्या पलीकडेच. एकदम मोठा गलका उठला.

"गोल झाला वाटतं," असं म्हणत ती खिडकी लावायला उठली.

ओट्टो हातातला स्वेटर तसाच धरून ऐकत राहिला.

"छे. गोलला असं नाही ओरडत आपल्याकडे. पास दिलाय कुणीतरी. सुरेख दिलाय."

हेडविगने खिडकी तशीच उघडी ठेवली आणि ती परत ट्रंकेपाशी येऊन बसली.