टाकीतले मासे

उखर्डूने जाळीचं टोपलं टाकीत फिरवलं आणि तसंच रिकामं वर काढलं. मेलेला एकही मासा आला नाही. पहिल्या पाळीतल्या कोणी आधीच काढून टाकले की काय, म्हणून त्याने वाकून पाहिलं. तळाशी मासे आरामात फिरत होते. उखर्डूला आनंद व्हायच्या आधी संशय आला.

कागद कारखान्याच्या सांडपाण्याने नदी काळी पडली, मासे संपले आणि उखर्डू भोयाची शिरपूरच्या बाजारातली मासे विकायला बसायची जागा गेली. पुढे सरकारने तंबी दिल्यावर कारखान्याने पाणी शुद्ध करायचा प्लँट उभारला. शुद्ध झालेलं पाणी आधी या टाकीत यायचं, मग नदीत. तपासणीच्या साहेबांनी बघावं म्हणून टाकीत मासे सोडलेले. ते मरायचे. मेलेले काढायचे आणि साहेब यायच्या आधी वरच्या धरणातून जिवंत मासे आणून टाकीत सोडायचे, एवढ्यासाठी उखर्डूला ठेवून घेतलं होतं. ज्यांनी नदी मारली त्यांनीच भोयाला मासे आणायची नोकरी द्यावी, याचं त्याला हसू येई आणि रागही येई. पण घरची चूल पेटत होती, म्हणून तो गप्प होता.

आता मात्र त्याला चैन पडेना. टाकीत मरळ होती, आणि मरळ चिवट असते, चिखलातही जगते. म्हणून त्याने कोणाला न सांगता नाजूक झिंगे आणून सोडले. दुसऱ्या दिवशी तेही जिवंत. जेवणाच्या सुटीत तो भाकरी हातात धरून टाकीपाशीच बसू लागला.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशीत, पितांबर पाटील नावाचा तरुण केमिस्ट आला होता. अख्खा प्लँट उपसून, यंत्रं दुरुस्त करून त्याने पाणी सुधारलं होतं. झिंगे बघून तो हरखला, मग त्याचा चेहरा पडला. उखर्डूचं काम काय, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

“उखर्डूभाऊ, खरं सांगा. कधी बदललेत?”

“सोडात मीच, साहेब. पन मंग हात बी लावा नही.”

पितांबरला विश्वास ठेवायचा होता, पण ठेवता येईना. उखर्डूला ते फार लागलं. इतकी वर्षं केलेलं खोटं त्याला पचलं होतं. खऱ्याला कोणी खरं म्हणत नाही, हे पचेना.

“टाकीले कुलूप लावी द्या,” तो म्हणाला. “चावी तुमनाजोडे ठेवा.”

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, मासे जगले तर आपल्याला कोण ठेवील? शब्द मात्र त्याने मागे घेतला नाही. काय होतं ते त्यालाही बघायचंच होतं.

टाकीवर जाळी बसली, कुलूप लागलं. जाळीच्या फटीतून पितांबर स्वतः कणकेच्या गोळ्या टाकी. पुढच्या तपासणीला त्याने साहेबांसमोर कुलूप काढलं. मासे अंगाने भरले होते. पितांबरने सगळ्यांदेखत उखर्डूचा हात हातात घेतला. त्याच आठवड्यात मॅनेजरने निरोप दिला, की आता मासे आणायची गरज नाही.

उखर्डू घरी न जाता नदीत उतरला. अंगाला खाज सुटते म्हणून त्या पाण्यात कोणी पाय घालत नसे. दगडांवर अजून काळा थर होता. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. बातमी ऐकून त्याची बायको झुंबरबाई काठावर आली.

“नोकरी गयी का?” तिने विचारलं.

उखर्डूच्या घोट्याला काहीतरी बारीकसं टोचलं. थोड्या वेळाने पुन्हा टोचलं, मासोळीने तोंड लावावं तसं. त्याने हात वर करून तिला गप्प राहायला सांगितलं आणि पाय जराही हलवला नाही.