अँब्रोज थिबो यांची चिरलेली काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. ॲश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडाची, खांद्याइतकी उंच आणि मधोमध चिरलेली. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेकडील जंगलात माझे झाड वादळाने पडले. त्या हिवाळ्यात अँब्रोज थिबो यांनी शेगडीजवळ बसून मला तासले, जवसाचे तेल पाजले, टोकाला लोखंडी खिळा ठोकला आणि बर्फाची खोली कळावी म्हणून वीत-वीत अंतरावर खाचा पाडल्या.

अँब्रोज लाकूड कापायच्या गिरणीतून निवृत्त झालेले. डोंगरापलीकडच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेची देखभाल त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. मे महिन्यात गावात सफरचंदांना कळ्या येत, पण वर झाडांच्या सावलीत मांडीभर बर्फ असे आणि उघड्यावर घोटाभर चिखल. त्या दिवसांत सर्वांच्या आधी आम्ही दोघे जात असू. आडवी पडलेली झाडे ते कापत. बर्फाखाली दगड आहे की पाणी, ते मी सांगत असे. गावातले लोक मला थिबोंची दुसरी बायको म्हणत. मला ते आवडे.

आमच्या सोबतीच्या विसाव्या वर्षी वाटेत एक बाई भेटली. रूथॅन पीक, शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी. चिखल चुकवायला ती कडेच्या शेवाळावरून चालत होती आणि दोनदा घसरली होती.

"बाई, चिखलातूनच चाला," अँब्रोज म्हणाले. "बूट धुता येतात. शेवाळ तुडवलं की वर्षानुवर्षं येत नाही."

"बूट धुवायला मी शिल्लक राहिले तर ना!"

ते हसले. मला तिच्या हातात देत म्हणाले, "ही घ्या. मला वाट पाठ आहे."

वाट पाठ होती, मित्रांनो. बर्फ कुणाला पाठ होतो? पुढच्या ओढ्यावरचा बर्फ वरून पांढराशुभ्र होता आणि खालून पाण्याने पोखरलेला. मी तिच्या हातात, चार पावले मागे. अँब्रोज कमरेपर्यंत आत गेले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पाय दगडाखाली अडकला होता आणि त्यावरून बर्फाचे पाणी वाहत होते.

"खाली जा. माणसं घेऊन या."

"तोवर तुम्ही गोठाल. गप्प बसा आणि काय करू ते सांगा."

"गप्प बसू की सांगू?"

"सांगा हो!" ती रडतच ओरडली.

त्यांनी सांगितले. हातांनी बर्फ उकरून तिने मला दगडाखाली घातले आणि सगळे वजन टाकले. मी चिरले, पण तुटले नाही. दगड बोटभर हलला. तेवढे पुरले. त्यांना काठावर ओढून, आपला कोट त्यांच्या अंगावर घालून, ती मला घेऊन चार मैल एकटी खाली गेली. अंधार पडायच्या आत माणसे वर पोहोचली.

अँब्रोज वाचले, पण पुन्हा डोंगर चढू शकले नाहीत. मला त्यांनी अवजारांच्या खोलीत फावड्यांच्या मागे ठेवून दिले. धूळ बसली, तेल सुकले, चीर रुंदावली. ते माझ्यावर रागावले आहेत असे मला वाटे. एकदा ते आले, माझ्यापर्यंत हात आणला आणि तसेच परत गेले. त्या दिवशी मला त्यांचे दुःख कळले.

पुढच्या मे महिन्यात रूथॅन दारात उभी. पायात चांगले बूट, खांद्यावर करवत.

"काठी द्या. वाट तपासायला कुणीतरी जायला हवं."

"ती चिरलीय."

"मग बांधून द्या. बसल्याजागी दुसरं काय काम आहे तुम्हाला?"

दोन दिवस लावून त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने मला घट्ट बांधले. नंतर सहा वर्षे ती दर वसंतात वर जाई आणि उतरल्यावर त्यांना सांगे: बर्फ किती, कुठली झाडे पडली. ते डोळे मिटून ऐकत.

गेल्या वसंतात ऐकायला ते नव्हते. तरी ती त्यांच्या पायरीवर बसली आणि मोठ्याने सगळे सांगून मगच घरी गेली.

मित्रांनो, बर्फ वितळताना डोंगराची वाट फार हळवी असते. जमले तर तेव्हा तिला विसावा द्या. जावेच लागले तर मधून, चिखलातून चाला. आणि कुणी आपली काठी तुम्हाला दिली, तर त्याचे हात आता रिकामे आहेत, एवढे ध्यानात ठेवून त्याच्या जवळून चाला.